हाडांचे प्रकार: चपटी, लांब, आखूड आणि २०६ चा हिशेब

कुळागर
सोमवार, रात्री ९:०४

अकरावीच्या जीवशास्त्रात तीन हाडांवर मुलांचे गुण हमखास जातात: बरगडी, कॉलर बोन आणि गुडघ्याची वाटी. बरगडीला लांब म्हणतात, कॉलर बोनला चपटं आणि वाटीला आखूड. तिन्ही उत्तरं चूक, आणि चुकीचं मूळ एकच आहे. 'लांब हाड' यातला लांबपणा मुलं पट्टीने मोजतात.

लांब हाड म्हणजे मधे नळी आणि दोन्ही टोकांना रुंद डोकी असलेलं हाड. मग ते केवढंही असो. करंगळीच्या टोकाचं पेर जेमतेम दोन सेंटिमीटर भरतं, तरी ते लांब हाड. टाचेचं हाड त्याच्या कितीतरी पट मोठं, पण त्याला नळी नाही, तो ठोकळा आहे, म्हणून ते आखूड. मधल्या फळीतली बरगडी वीतभराहून मोठी असते, पण तिचा आडवा छेद चपटा, आत मज्जेची नळी नाही, दोन घट्ट थरांमधे सच्छिद्र भाग. म्हणून ती चपटी.

मराठी पुस्तकांत कुठे 'आखूड हाडे' लिहितात, कुठे 'लहान हाडे'. मला 'लहान' हा शब्द पटत नाही. शरीरातलं सर्वांत लहान हाड कानात आहे, रिकिबीच्या आकाराचं, सुमारे ३ मिलिमीटर. ते प्रकाराने अनियमित. 'लहान' म्हटलं की मुलं ते त्याच खान्यात टाकतात.

पाठांतरापेक्षा हिशेब करून घ्यावा, तो डोक्यात राहतो. प्रौढ माणसाची २०६ हाडं अशी वाटता येतात:

लांब ९०. एका हातात कॉलर बोन १, दंडाचं १, पुढच्या हाताची २, तळहाताची ५, बोटांची १४, एकूण २३. एका पायात मांडीचं १, नडगी आणि तिच्या शेजारचं मिळून २, पावलाची ५, बोटांची १४, एकूण २२. दोन्ही बाजूंचे मिळून ४६ आणि ४४.

आखूड ३०. मनगटात ८, घोट्यात आणि टाचेत मिळून ७, दोन्ही बाजूंची १६ आणि १४.

चपटी ३६. बरगड्या २४, छातीचं मधलं हाड १, खांद्याचे फरे २, आणि डोक्या-चेहऱ्यातली ९: कपाळाचं १, डोक्याच्या दोन बाजूंची पॅराएटल २, मागचं ऑक्सिपिटल १, नाकाची २, डोळ्याच्या कोपऱ्यातली अश्रूहाडं २, नाकाच्या पडद्यातलं व्होमर १.

अनियमित ४८. मणके २४, त्यांच्या खाली त्रिकास्थी आणि माकडहाड २, कटीची २, जिभेच्या मुळाशी असलेलं हायॉइड १, कानातली ६, आणि डोक्या-चेहऱ्यातली उरलेली १३.

कंडरेतली, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत बसलेली २: गुडघ्याच्या वाट्या.

९० + ३० + ३६ + ४८ + २ = २०६.

प्रकार ओळखला की पुढे त्याचा उपयोग काय, हेही मुलांना सांगता आलं पाहिजे. दवाखान्यात, मैदानावर, प्रयोगशाळेत जे हाडांशी रोज काम करतात त्यांनी भर घालावी. चूक असेल तर दाखवावी.

म्हादई
सोमवार, रात्री ९:४०

हिशेब उतरवून घेतला. एक शंका. कॉलर बोनला आत मज्जेची पोकळी नसते असं शिकवतात. मग ते लांब हाडांत कसं?

चिरेबंदी
सोमवार, रात्री १०:२२

म्हादई, प्रश्न अगदी योग्य आहे. कॉलर बोन लांब हाडांतला अपवाद आहे. नळीसारखा मधला भाग आणि दोन टोकं आहेत, म्हणून गट लांब हाडांचा. पण मज्जेची मोकळी पोकळी बहुधा नसते, ते आडवं बसतं, आणि गर्भात सर्वांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात हाड बनायला सुरुवात होते ती यातच. तेही बरंचसं पातळ पडद्यातून, कूर्चेचा साचा न करता.

इथेच दुसरी मोठी चूक होते. 'चपटी हाडं पडद्यातून बनतात, लांब हाडं कूर्चेतून' असं सरसकट सांगितलं जातं. डोक्याच्या घुमटापुरतं ते खरं आहे. पण फरा, बरगड्या आणि छातीचं हाड ही चपटी असूनही कूर्चेतूनच बनतात. ऑक्सिपिटलचा तर वरचा भाग पडद्यातून आणि खालचा कूर्चेतून. हाडाचा आकार ही एक गोष्ट, त्याची घडण दुसरी. परीक्षेत दोन वेगळे प्रश्न म्हणूनच विचारावेत.

आता चपट्या हाडाची आतली रचना. गोव्यात हे समजावायला चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत पुरते. चिरा फोडला की आत छिद्रंच छिद्रं. तशा चिऱ्याच्या पातळ भिंतीला दोन्ही अंगांनी सिमेंटचं प्लॅस्टर केलं की झालं डोक्याच्या घुमटाचं हाड. बाहेरचा गिलावा जाड, आतला पातळ आणि ठिसूळ, मधला सच्छिद्र थर म्हणजे डिप्लोई. त्या छिद्रांत लाल मज्जा असते आणि शिरांचं जाळं असतं. घुमटाची एकूण जाडी बहुतेक ठिकाणी ६ ते ७ मिलिमीटरच्या आसपास, कानशिलावर मात्र फारच कमी.

आतला गिलावा ठिसूळ असल्यामुळे बाहेर बारीक चीर दिसते तेव्हा आत तडा जास्त पसरलेला असू शकतो. डोक्यावर बाहेरून 'काही विशेष नाही' म्हणून सोडून देणं धोक्याचं ठरतं ते यामुळे.

आबोली
सोमवार, रात्री १०:५१

चिरेबंदींच्या कानशिलाच्या मुद्द्याला जोडून लिहिते, कारण दुचाकीच्या अपघातांत या जागी बसलेला मार जिवावर बेतू शकतो.

डोळ्याच्या बाहेरच्या कडेपासून साधारण दोन बोटं मागे आणि जरा वर, तिथे चार हाडं एकत्र येतात: कपाळाचं, पॅराएटल, कानशिलाचं आणि डोळ्याच्या खोबणीमागचं स्फेनॉइड. कवटीतली ही सर्वांत पातळ जागांपैकी एक. हाडाच्या आतल्या अंगाला मेंदूच्या वेष्टनाची रक्तवाहिनी जाते. इथे हाड मोडलं की ती फाटते आणि हाड व वेष्टन यांच्यामधे रक्त साचू लागतं.

माणूस आधी क्षणभर बेशुद्ध पडतो, मग उठून बसतो, बोलतो, पाणी मागतो, 'मी ठीक आहे, घरी जातो' म्हणतो. काही तासांनी डोकं जास्त दुखू लागतं, उलट्या होतात, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. मधल्या त्या बऱ्या वाटणाऱ्या काळावर विश्वास ठेवू नये. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल तरी १०८ बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्यावं. मेंदूची शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असेल तर गोव्यात बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. घरी झोपवून ठेवू नये.

हेल्मेटचं काम चपट्या हाडाला समजून घेतल्यावर नीट कळतं. बाहेरचं कवच मार एका बिंदूवर न ठेवता पसरवतं. आतला थर्माकोल चेपतो आणि धक्का खातो. तो एकदाच चेपतो. जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बदलावं. आयएसआयचा आयएस ४१५१ हा क्रमांक बघून घ्यावं, पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका आवळावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं. मागे बसणाऱ्याचं डोकंही याच हाडांचं असतं.

साळावली
मंगळवार, सकाळी ७:१५

टाळूबद्दल कोणी लिहील का? घरोघरी बाळाच्या टाळूवर तेल थापतात, डोकं गोल व्हावं म्हणून दाबतात, मोहरीची उशी देतात. यातलं हाडांच्या दृष्टीने काय बरोबर?

आबोली
मंगळवार, सकाळी ८:०२

साळावली, टाळू म्हणजे चपट्या हाडांमधली अजून हाड न झालेली पडद्याची जागा. पुढची मोठी, चौकटीच्या पत्त्यासारखी. मागची लहान, त्रिकोणी. मागची दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत, काही बाळांत दोन वर्षांपर्यंत. ही जागा ठेवलेली असते दोन कारणांसाठी: जन्मताना हाडं एकमेकांवर सरकून डोकं वाटेतून निघावं, आणि मेंदूला वाढायला जागा मिळावी. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो, पहिल्या वाढदिवसाला तो ४५-४६ च्या घरात जातो. एवढी वाढ हाडं जुळलेली असती तर झालीच नसती.

तेलाने टाळू लवकर भरत नाही. हलक्या हाताने अंगाला लावतो तसं लावायला हरकत नाही, पण तिथे थापून, कापूस ठेवून काही साधत नाही. डोकं दाबून गोल करणं पूर्ण बंद करावं. हाडांची कडा अजून मऊ असते, आणि डोक्याचा आकार दाबण्याने नव्हे, रोज कुठल्या बाजूला टेकतं त्याने ठरतो.

मागून चपटं होत असेल तर बाळ जागं असताना, कोणीतरी समोर बसून, पोटावर ठेवावं. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, हळूहळू वाढवत. झोपताना पाठीवरच. पाळण्यात डोक्याची बाजू रोज बदलावी म्हणजे उजेडाकडे, आवाजाकडे बघताना मान दोन्हीकडे वळते. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी न देणंच सुरक्षित, मोहरीचीही नाही.

बघायचं काय ते मात्र नीट बघावं. बाळ शांत असताना, उभं धरून, टाळूवर अलगद बोटं फिरवावीत. तिथे ठोका जाणवला तर ते साहजिक आहे. रडताना फुगली तरी साहजिक. जुलाब-उलट्यांत ती खोल गेली असेल तर शरीरातलं पाणी कमी झालंय, लगेच डॉक्टरांकडे. ताप आहे आणि शांत असतानाही टणक फुगलेली आहे, तर वेळ न घालवता हॉस्पिटल.

पेनल्टी_बॉक्स
मंगळवार, दुपारी १:३०

फुटबॉलच्या अंगाने आखूड हाडांबद्दल लिहितो. गावोगावी सामने चालतात आणि पडताना हात टेकणं ही खेळातली रोजची गोष्ट. त्यात मनगटाच्या आठ हाडांपैकी एकच सगळ्यात जास्त मोडतं: स्कॅफॉइड. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याचंच होतं, कारण सूज थोडी, बोटं हलतात, मुठीत बळ असतं. 'मुरगळलं' म्हणून क्रेप बँडेज गुंडाळून पोरगा पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात.

तपासायचं असं. अंगठा वर, बाजूला ताणून धरायला सांगा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताणलेल्या दोऱ्यांमधे खळगा पडतो. त्या खळग्यात आपल्या तर्जनीचं टोक दाबा. मग दुसऱ्या हाताचा तोच खळगा तेवढ्याच जोराने दाबा. थोडं दुखणं दोन्हीकडे असू शकतं, म्हणून तुलना महत्त्वाची. मार लागलेल्या बाजूला तो ठळकपणे जास्त कळवळला, तर एक्स-रे येईपर्यंत ते हाड मोडलंय असंच समजा.

पहिल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. तडा इतका बारीक असतो की दिसायला दहा-चौदा दिवस लागतात. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी अंगठ्यासकट मनगट बांधून ठेवायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा काढायचा, किंवा एमआरआय करायचा.

एवढी काळजी का, ते हाडाच्या रक्तपुरवठ्यात आहे. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि उलटं कोपराकडे वाहतं. मधे तडा गेला की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो. जुळायला आठ ते बारा आठवडे, कधी त्याहून जास्त. न जुळलेलं तसंच वापरलं तर तो तुकडा मरतो आणि पुढे मनगट झिजतं. आखूड हाडावर कूर्चेचं आच्छादन जास्त असल्यामुळे रक्तवाहिन्यांना शिरायला जागाच थोडी असते. घोट्यातल्या टॅलसचंही हेच दुखणं.

बरगडीचं उलट आहे. चपटं हाड, चहूबाजूंनी स्नायू, रक्त भरपूर. साधी मोडलेली बरगडी सहा आठवड्यांत बहुतेक जुळते. चूक होते ती छाती करकचून बांधण्यात. बांधल्यावर बरं वाटतं, पण श्वास उथळ होतो, फुफ्फुसाचा तळ मिटतो आणि न्यूमोनिया धरतो. वेदनाशामक नीट द्यावं, तासातासाला दहा खोल श्वास घ्यावेत, खोकताना दुखऱ्या जागी उशी कवटाळावी. सगळ्यात खालच्या बरगड्यांना मार असेल तर उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा तपासलेच पाहिजेत. आणि लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीचा तो तुकडा श्वास घेताना आत आणि सोडताना बाहेर जातो, इतर छातीच्या उलट. हे दिसलं की तिथे बघत बसू नये, लगेच हॉस्पिटल गाठावं.

म्हादई
मंगळवार, दुपारी २:०५

माडावरून पडलेल्या पाडेल्यांच्या (नारळ काढणाऱ्यांच्या) टाचा मोडतात, ती आखूड हाडातलीच गोष्ट ना?

पेनल्टी_बॉक्स
मंगळवार, दुपारी ३:१८

हो. टाचेचं हाड म्हणजे पातळ कवच आणि आत सच्छिद्र भाग. रोजचा भार ते छान पेलतं, कारण आतल्या काड्या भाराच्या दिशेनेच रचलेल्या असतात. पण उंचावरून पायांवर पडलं की ते मोडत नाही, अंड्यासारखं चेपतं. वरचा सांधा खाली बसतो आणि टाच रुंद होते.

पाडेली किंवा रेंदेर (माडाची सूर काढणारा) पायांवर पडला असेल तर तीन जागा एकाच वेळी बघायच्या: ही टाच, दुसरी टाच, आणि कंबर. टाच चेपलेल्या साधारण दहातल्या एकाचा कमरेचा मणकाही चेपलेला असतो, बहुतेक वेळा छाती आणि कंबर जिथे मिळतात तिथला. टाचेच्या कळा इतक्या असतात की पाठीचं दुखणं तो माणूस सांगतच नाही. म्हणून त्याला उठवून, खांद्यावर हात टाकून चालवत आणू नये. फळीवर सरळ झोपवून, मान-पाठ न वळवता उचलावं.

शस्त्रक्रिया ठरली तरी ती लगेच करत नाहीत. सूज उतरून कातडीला पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत एक-दोन आठवडे थांबतात. आधी कापलं तर जखम उघडी पडते आणि जंतुसंसर्ग होतो. घरच्यांना हे सांगितलेलं नसतं, म्हणून 'नुसतं झोपवून ठेवलंय' असा त्यांचा समज होतो.

चिरेबंदी
मंगळवार, रात्री ९:११

कुळागर, वर्गात दाखवण्यासाठी बोकडाची हाडं सगळ्यात सोयीची. मटणवाल्याला आधी सांगून ठेवलं तर न तोडता देतो. मागायचं ते असं: एक अख्खा फरा, एक मांडीची नळी, दोन बरगड्या, एक मणका, एक अख्खा पाया. पाच प्रकार यातच मिळतात. कंडरेतली हाडं पायात सापडतात: खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन-दोनच्या जोडीने, वाटाण्याएवढी चार. बोकडाला कॉलर बोन नसतं, ते शोधू नये. बरगड्यांच्या जोड्याही बाराऐवजी तेरा, हे मुलांना आधीच सांगावं.

साफ करण्याची पद्धत: मांस सुरीने खरवडून काढा. मोठ्या टोपात पाणी आणि चमचाभर भांड्यांचा साबण घालून मंद आचेवर तीन-चार तास ठेवा, पाणी खदखदू द्यायचं नाही. कुकर अजिबात नको. कुकरमधे हाडातला चिवट भाग जिलेटिन होऊन निघतो आणि पातळ हाडं खडूसारखी भुगतात. मग दात घासायच्या ब्रशने घासा, नळीच्या टोकाला बारीक भोक पाडून आतली मज्जा पाण्याने काढा.

सगळे लोक इथे थांबतात आणि महिन्याभरात हाडं पिवळी, चिकट होतात. राहिलेली चरबी बाहेर येते, आणि आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात आठ-दहा दिवस भिजवा, पाणी गढूळ झालं की बदला. नळीला याहून जास्त दिवस लागतात.

शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुतेक २० व्हॉल्यूमचं, म्हणजे साधारण ६ टक्के. त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा आणि हाडं एक दिवस बुडवा. हातमोजे घाला. प्लॅस्टिकचं भांडं, झाकण सैल, कारण वायू सुटतो आणि घट्ट झाकण उडतं. धुण्याचं ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर वापरू नका. त्याने हाड पांढरं होतं खरं, पण आतला कोलॅजन, म्हणजे तोच चिवट भाग, खाल्ला जातो आणि वर्षभरात ते पापुद्र्यांनी सुटतं. सावलीत, पंख्याखाली वाळवा.

मग छेद. बरगडी आणि नळी शिकंज्यात कापड गुंडाळून धरा, बारीक दात्यांच्या हॅकसॉने, पाणी टाकत, मास्क लावून कापा. बरगडीच्या छेदात दोन घट्ट रेषा आणि मधे जाळी. नळीच्या छेदात जाड घट्ट कडं आणि मधे मोकळी पोकळी. दोन छेद शेजारी ठेवले की बरगडी लांब का नाही, हे निराळं सांगावं लागत नाही.

आणि फरा खिडकीच्या उजेडासमोर धरा. मधल्या पसरट भागातून उजेड आरपार येतो, मागे बोट धरलं तर त्याची सावली दिसते. कडांना आणि सांध्याच्या उखळीपाशी काळोख. म्हणजे मधे दोन घट्ट थर एकमेकांना चिकटलेत, सच्छिद्र भाग उरलाच नाही. 'चपट्या हाडात मधे सच्छिद्र थर असतो' हे वाक्य प्रत्येक जागी खरं नाही. माणसाच्या फऱ्यातही असंच.

तांबडी_माती
मंगळवार, रात्री ९:४८

शिरक्याचा (व्हिनेगरचा) प्रयोगही जोडीला ठेवावा. कोंबडीची तंगडीची दोन हाडं स्वच्छ करून, एक शिरक्यात आणि एक साध्या पाण्यात. दर दोन दिवसांनी शिरका बदलायचा. पाच ते सात दिवसांत शिरक्यातलं हाड रबरासारखं वाकतं. पहिल्या दिवशी बारीक बुडबुडे दिसतात, ते हाडातल्या कार्बोनेटमधून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा असतो, आम्ल ते विरघळवून नेतं, मागे चिवट कोलॅजन राहतो. प्रयोगाआधी आणि नंतर, पुसून-वाळवून वजन घ्यावं.

दुकानातला पांढरा शिरका घ्या, बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असतं. माडाच्या सुरेचा घरगुती शिरका चवीला उत्तम, पण त्याचं आम्लपण दर बाटलीला वेगळं आणि हाडाला रंग चढतो. प्रयोग फसला की मुलांना वाटतं, हाडच वेगळं होतं. हाडाची टोकं आणि बारीक हाडं आधी मऊ होतात, नळीचा मधला भाग शेवटी. तिथे घट्ट हाड सर्वांत जाड आहे, हे त्यातून कळतं.

साळावली
बुधवार, सकाळी ७:४०

रक्ताच्या आजारात मज्जा तपासायला सुई कमरेत का टोचतात? मज्जा तर नळीत असते ना?

आबोली
बुधवार, सकाळी ८:३३

बाळाच्या जवळजवळ सगळ्या हाडांत रक्त बनवणारी लाल मज्जा असते. वय वाढतं तशी हातापायांच्या नळ्यांतली लाल मज्जा चरबीची पिवळी होते. पंचविशीपर्यंत लाल मज्जा उरते ती मणके, कटीची हाडं, बरगड्या, छातीचं हाड, कवटी आणि मांडीच्या व दंडाच्या हाडांची वरची टोकं यांत. नळीत सुई घातली तर प्रौढात बहुतेक चरबीच हाती येईल.

कमरेत मागे, दोन्ही बाजूंना कातडीला जिथे खळी पडते, त्याखाली कटीच्या हाडाचं मागचं टोक असतं. तिथे हाड जाड आहे, जवळ मोठी रक्तवाहिनी किंवा अवयव नाही आणि रुग्णाला सुई दिसत नाही. द्रवही घेता येतो आणि दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडाही. छातीच्या हाडातून पूर्वी बरेचदा घेत, आजही क्वचित घेतात, पण फक्त द्रव. तुकडा तिथून कधीच काढत नाहीत. ते हाड जेमतेम एक सेंटिमीटर जाड, आणि मागे हृदय व महाधमनी. म्हणून तिथे अडसर लावलेलीच सुई वापरतात.

'पाठीतून पाणी काढणं' आणि ही तपासणी एक नव्हे. लोक दोन्हींत गल्लत करतात आणि पाय जातील म्हणून घाबरतात. या सुईचा मज्जारज्जूशी काही संबंध नाही. मराठीत मज्जारज्जू आणि अस्थिमज्जा या दोन्हींत 'मज्जा' आल्यामुळे हा गोंधळ होतो.

तांबडी_माती
बुधवार, दुपारी १२:१०

वर्गीकरण जुनं आहे, हेही मुलांना सांगावं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांचे पाच प्रकार दिलेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. कपाल म्हणजे चपटी: डोकं, शंख (कानशील), गाल, तोंडातली टाळू, खांदा, नितंब आणि गुडघा. रुचक म्हणजे दात. तरुण म्हणजे कूर्चा: नाक, कान, मान, डोळ्याची खोबण. वलय म्हणजे वाकडी: बरगड्या, पाठ, छाती. उरलेली नलक. एकूण ३००: हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. चरकाची संख्या ३६०. दात आणि कूर्चा धरल्यामुळे आकडा मोठा होतो, म्हणून २०६ शी त्याची थेट तुलना करू नये. गुडघ्याची वाटी कपालात घातली आहे, तिचा आकार पाहता ते समजण्यासारखं आहे.

गोव्यातलंच आणखी एक उदाहरण. जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याला २००४ साली हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. तो १६२४ मधे शिराझला मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचा असावा, असं हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासून दाखवलं, आणि २०२१ साली भारताने तो जॉर्जियाला दिला. आपल्या दमट मातीत चारशे वर्षांच्या जवळ जाणाऱ्या हाडातून डीएनए निघू शकतो, यात घट्ट हाडाचा मोठा वाटा असतो. सच्छिद्र हाडात पाणी आणि जंतू सहज शिरतात. आज जुन्या सांगाड्यांत पहिली पसंती कानशिलाच्या हाडाच्या आतल्या, दगडासारख्या टणक भागाला असते.

कुळागर
बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरपत्रिका तपासताना दोन ठिकाणी दोन्ही उत्तरं धरावीत असं ठरवतेय. कटीचं हाड: काही पुस्तकं अनियमित म्हणतात, काही वरच्या पसरट पात्यामुळे चपटं. आणि मनगटातलं पिसिफॉर्म, ते आठांत मोजतात पण बसलेलं असतं कंडरेत. ते कंडरेतल्या हाडांत धरलं तर आखूड २८ आणि कंडरेतली ४, बेरीज तीच. अंगठ्याच्या मुळाखाली पावलात दोन-दोन असतात ती मात्र २०६ मधे धरत नाहीत.

पेनल्टी_बॉक्स
बुधवार, रात्री ९:५६

पटलं. कंडरेतल्या हाडाबद्दल एवढंच जोडतो. गुडघ्याला मार लागल्यावर एक्स-रेत वाटीचा वरचा, बाहेरच्या बाजूचा कोपरा सुटा दिसला तर लगेच 'वाटी फुटली' म्हणू नये. काहींची वाटी लहानपणापासून दोन केंद्रांतून हाड होते आणि तो कोपरा जुळतच नाही. जन्मजात तुकड्याच्या कडा गोलसर आणि गुळगुळीत असतात, मोडलेल्याच्या धारदार. बऱ्याचदा दुसऱ्या गुडघ्यातही तसंच असतं, म्हणून शंका आली की दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे शेजारी ठेवून बघावा, आणि बोटाने नेमकं त्या कोपऱ्यावरच दुखतं का ते दाबून पाहावं.